समुद्राचं अर्धं प्रकरण

रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. बाभळीला कापूस लागत नाही हे मला कळतं, उभी हयात पोरांना परिसर अभ्यास शिकवण्यात गेली आहे. पण वेचणी सुरू झाली की पोटं फुगलेले टेम्पो परतूरच्या बाजाराकडे निघतात, वाटेतल्या काट्यांना घासतात आणि जाता जाता एकेका झाडाला मूठमूठ कापूस देऊन जातात. शाळेतून घरी येताना मी ते बघते आणि मला थकवा येतो. तसा मला हल्ली कशानेही येतो. जिन्याने येतो, गुडघ्याने येतो, मोबाइलवर शाळेची माहिती भरताना तर हमखास येतो. पण बाभळीवरचा कापूस बघून येणारा थकवा माझ्या एकटीचा नाही. तो आमच्या सगळ्या वस्तीचा आहे आणि गेल्या वर्षीपासून साठलेला आहे.

वेचणीच्या दिवसांत आमच्या वस्तीची सकाळ फार लवकर होते. साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, कापूस भरायला कमरेला ओटीचं फडकं, हातात भाकरीचा डबा. रस्त्यावर पिकअप येऊन हॉर्न मारतो. "जल्दी करा गं, ऊन चढून राह्यलं," असं जी बाई सगळ्यात मोठ्याने ओरडते तीच सगळ्यात शेवटी चढते. मग दिवसभर वाकून पऱ्हाटीची बोंडं रिकामी करायची. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांना टोकं असतात, ती नखाच्या मुळाशी घुसतात. संध्याकाळी या बाया परततात तेव्हा केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापसाचे तंतू असतात आणि तरण्याताठ्या पोरीही म्हाताऱ्या दिसतात. पदर झटकून, हातपाय धुऊन, त्यातल्या काही जणी विहारात येतात. समुद्राचं ऐकायला.

हे सांगितलं की लोक हसतात. शाळेतले एक सर म्हणाले, "मॅडम, परतूरात समुद्र? आधी नळाला पाणी तर येऊ द्या." मीही हसले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्याचं असं झालं. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचायचं काम माझ्याकडे, कारण मी मॅडम. अश्विन पौर्णिमेला समाप्ती होते, सगळ्यांना खीर मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ एकदम रिकामी पडते. एका वर्षी नर्मदाकाकू म्हणाल्या, "आता काय करावं मॅडम? कानाला सवय लागली." नर्मदाकाकू वस्तीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. वेचणीच्या टोळीच्या त्या मुकादम, आणि विहाराच्याही मुकादमच म्हटलं तरी चालेल. भंतेजीसुद्धा त्यांच्यापुढे जपून बोलतात.

विहाराच्या कपाटात दुसरी पुस्तकं होती ती मधुकरदादांची. दादा आमच्याच गल्लीतले. शिकून मत्स्यखात्यात लागले, सगळी नोकरी कोकणात किनाऱ्यावर केली आणि ते गेल्यावर वहिनींनी त्यांची पुस्तकं खोक्यांत भरून विहाराला पाठवली. आम्हाला वाटलं, धम्माची पुस्तकं असतील. मोठ्या श्रद्धेने मेणबत्ती लावून खोकी उघडली तर आत मासे, कासवं, देवमासे, प्रवाळ. परत तरी कशी पाठवणार? आपल्या माणसाची पुस्तकं. "ठेवा. कव्हातरी वाचू," नर्मदाकाकू तेव्हा म्हणाल्या होत्या. ते 'कव्हातरी' त्या रिकाम्या संध्याकाळी आलं.

नर्मदाकाकूंची सून शीतल याला बुक क्लब म्हणते. तिने व्हॉट्सअॅपवर गट काढून त्याला निळा मासा लावला आहे. बाकीच्या बायांना एवढं लागत नाही. नवऱ्याने विचारलं, कुठं चालली, तर त्या सरळ सांगतात, "समुद्राला जाऊन येते." आणि परतूरच्या गल्लीतून तिन्हीसांजेला समुद्राला जाऊन स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत परतही येतात.

देवमाशाची लांबी वाचली तेव्हा कुणालाच पटेना. म्हणून विहाराच्या दारापासून पाण्याच्या टाकीकडे पावलं मोजत गेलो, तर मध्ये किराणा दुकान आलं, शिवणवाली आली, तरी शेपटी बाकीच. "आन् येवढं जनावर खातं काय म्हणं, तर करंगळीयेवढे किडे," शीतल म्हणाली. नर्मदाकाकू म्हणाल्या, "मोठ्याला बारीकच लागतं खायला." पुढे कितीतरी दिवस हे वाक्य नगरसेवकापासून सासूपर्यंत सगळ्यांना लावून झालं. कासवाची मादी जिथे जन्मली त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला येते हे वाचलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "म्हंजे बाळंतपणाला माहेरीच की." त्यावर एक नवी सून पदराने डोळे पुसायला लागली. मी पाणी प्यायले, तिला थोडा वेळ दिला आणि मग पुढे वाचलं.

या सगळ्यांत समुद्राशी खराखुरा संबंध एकीचाच होता. कौसाबाईंचा. त्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकायच्या. जुन्या जालन्यातल्या ठोक व्यापाऱ्याकडून माल घ्यायचा, पॅसेंजरने परतूरला आणायचा आणि बाजारात बारदान अंथरून टोपल्या मांडायच्या. एकीत बोंबील, एकीत सोडे, आणि सगळ्यात मोठ्या टोपलीत जवळा, ती इवलीशी वाळकी कोळंबी, कारण गरिबाच्या कालवणाला तीच परवडते. गाडीत बायका त्यांना बघून नाकाला पदर लावायच्या. म्हणून त्या आपणहून डब्याच्या दाराशी, पोत्यावरच बसायच्या. समुद्र त्यांनीही बघितलेला नव्हता. "कसा दिसतो म्हाईत न्हाई," त्या म्हणायच्या, "पण वास म्हाईत हाय."

विहारातही त्या दाराशी बसायच्या. लिंबू लावून आंघोळ करून यायच्या, तरी दाराशीच. आमच्या वस्तीला दाराशी बसण्याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. आमच्या आज्या-पणज्या आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाराबाहेर बसल्या. त्यामुळे आमच्याच विहारात, आमच्यातलीच एक बाई दाराशी बसलेली मला बघवायची नाही. नर्मदाकाकू रोज म्हणायच्या, "आत ये ना कौसा." आणि कौसाबाई रोज म्हणायच्या, "बरी हाय इथंच. वारा लागतो." कुणी हाताला धरून आत आणत नव्हतं हेही खरं. जवळ्याचा वास कपड्याला लागला की जात नाही.

परतूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे. कौसाबाई वर्षानुवर्षं त्या पाटीखाली गाडीची वाट बघत बसलेल्या. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या पाटीवर समुद्राचं कामून लिव्हलंय? आपल्या गावाचा अन् त्याचा काय संबंध?" मी सांगितलं, सगळ्या गावांची उंची समुद्रापासूनच मोजतात, तो सगळ्यात खाली धरायचा. त्यांनी थोडा विचार केला. "मंग तो बी दाराशीच बसतो म्हणा," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या.

गेल्या वर्षी, वेचणी नुकतीच सुरू झाली होती तेव्हा, मासेमारीचं प्रकरण निघालं. बारीक विणीची जाळी, ती समुद्राचा तळ कशी खरवडतात, अंडी घालायच्या आधीच पिल्लं कशी धरली जातात. मी वाचत होते आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरत होते. तेवढ्यात बाहेरून पोरं ओरडली, नळ आले. आमच्याकडे नळ आले म्हणजे बाई हातातलं मूलसुद्धा खाली ठेवून पळते. पुढचे नळ कधी येतील ते नगरपालिकेलाही सांगता येत नाही. मी तिथेच पान दुमडलं. सगळ्या उठल्या, चपला शोधायला लागल्या, आणि नर्मदाकाकूंनी आडवा हात धरला.

"थांबा. येवढं ऐकलं आन् तसंच जायचं का? ते लेकरं आपल्याच कालवणात येऊन राह्यले. आजपासून माघ पौर्णिमेपर्यंत सुकट न्हाई, बोंबील न्हाई, जवळा तर बिलकुल न्हाई. संकल्प करा आन् मंग पाणी भरा."

वर्षावासात काही ना काही सोडायची आमच्याकडे रीत आहे. कुणी मटण सोडतं, कुणी मिश्री. संकल्प तीनदा म्हटला की तो पक्का, मग त्यात मागेपुढे नाही. त्या दिवशी घागरींच्या घाईत आम्ही हात जोडले आणि नर्मदाकाकूंच्या मागे तीनदा म्हटलं. मी म्हटलं, शीतलने म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझी नजर दाराकडे गेली. कौसाबाईही उभ्या होत्या. हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणत होत्या. मग त्याही घागर घ्यायला पळाल्या.

दुसऱ्या संध्याकाळी दुमडलेलं पान उघडून प्रकरणाचा उरलेला भाग वाचला. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की खरवडणारी जाळी मोठ्या यांत्रिक बोटींची असतात, त्यासाठी कायदे हवेत, बंदीचे महिने नीट पाळायला हवेत. आणि असंही लिहिलं होतं की समुद्राचं नुकसान झालं की पहिला फटका किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या, टोपलीतून विकणाऱ्या बायांना बसतो. त्यांच्या टोपल्या रिकाम्या करून समुद्र वाचत नसतो. इथे मी अडखळले. कुणी कौसाबाईंकडे बघत नव्हतं आणि प्रत्येकीला त्याच दिसत होत्या. नळ थोडे उशिरा आले असते तर, असं माझ्यासारखंच सगळ्यांच्या मनात येऊन गेलं असणार.

"वाचा ना मॅडम," दारातून आवाज आला. "पुढं काय झालं त्या बायांचं?"

मी पान उलटलं. पुढचं प्रकरण प्रवाळांचं होतं.

"काही लिहिलं नाही," मी म्हणाले. आणि मग, शिक्षकाच्या सवयीने, तोडगाही काढला. "काकू, अर्धंच ऐकून केलेला संकल्प. सोडून देऊ या." नर्मदाकाकू खाली बघत सतरंजीचा दोरा ओढत राहिल्या. बोलल्या त्या कौसाबाईच. "तसं कसं? तीनदा म्हणलंय मी बी. आन् आपण खायचं न्हाई, पण दुसऱ्याला खाऊ घालायचं, हे बराबर दिसतं का?"

कौसाबाईंनी टोपल्या पालथ्या घातल्या आणि वेचणीला जायला लागल्या. मुकादम नर्मदाकाकूच, त्यांनी पिकअपमध्ये पुढची जागा दिली, जवळचे तास, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळी, दिले. त्याने कंबर थोडीच ऐकते? आयुष्य बसून विकण्यात गेलेल्या बाईला दिवसभर वाकायचं होतं. मिठाने राठ झालेल्या त्यांच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी चिरा पडल्या. बाकीच्या बायांचं गाठोडं भरायचं, यांचं अर्ध्यावर असायचं. बाया न बोलता आपल्या ओटीतला थोडा थोडा कापूस त्यांच्या गाठोड्यात टाकायच्या आणि त्या बघून न बघितल्यासारखं करायच्या.

आणि विहारात त्या आत आल्या. एक दिवस आल्या त्या सरळ सतरंजीच्या मध्यावर, दोघींच्या मध्ये येऊन बसल्या, कारण आता अंगाला वास नव्हता. केसांत सगळ्यांसारखाच कापूस होता. "आता कशी आत आली," एक जण लाडाने म्हणाली. हे व्हावं म्हणून मी किती दिवस मनात झुरले होते. झालं, तेव्हा मला पुस्तकातून मान वर करता येईना. ती बाई आमच्या प्रेमाने आत आलेली नव्हती. तिची भाकर गेली म्हणून तिचा वास गेला होता, आणि वास गेला म्हणून तिला आत जागा झाली होती. मला फार वाईट वाटलं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मासेमारीच्या प्रकरणाचं ते पुस्तक मी कपाटात मागे सरकवलं आणि कासवांचं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. कुणीही कारण विचारलं नाही.

माघ पौर्णिमा आली, संकल्प पूर्ण झाला. पुढच्या बाजाराला आम्ही सगळ्या मिळून गेलो, सणाला जावं तसं. कौसाबाईंच्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्या आणि टोपं मांडलेली होती. आठवडी बाजारात जागा लिहून दिलेली नसते. जो दर बाजाराला बारदान अंथरतो त्याची ती. बादल्यावाला भला माणूस होता. "मावशी, लई दिवस रिकामी पडेल होती," तो म्हणाला, आणि भांडायला काही उरलं नाही. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक जण टेम्पो लावून सुकट विकत होता, प्लास्टिकच्या पुड्यांत. भोवती चांगली गर्दी होती. आमच्या तीन महिन्यांनी समुद्रात एक कोळंबी वाढली असेल की नाही कोण जाणे. एक टोपली तेवढी कमी झाली होती. कौसाबाई म्हणाल्या, "चला, ऊन होऊन राह्यलं," आणि आम्ही लसूण घेऊन परत आलो.

आता पुन्हा अश्विन पौर्णिमा होऊन गेली आहे. खीर झाली, ग्रंथ वस्त्रात बांधून ठेवला, आणि काल संध्याकाळी समुद्राची पहिली बैठक होती. पाचसहा जणीच आल्या. वेचणीचा हंगाम जोरात आहे, बाया घरी जाऊन आडव्या होतात, त्यांना काय म्हणणार? मलाही खरं तर जायचं नव्हतं. दिवसभर शाळेत प्रशिक्षणाच्या लिंकवर बसून डोळे चुरचुरत होते. वाटलं, दोन पानं वाचू, उठू. कौसाबाई आल्या. याही वर्षी त्या वेचणीलाच जातात. त्या मध्यावर बसल्या, पाय लांब केले, मग नर्मदाकाकू समोर आहेत म्हणून आखडले.

"कोणतं काढू?" मी कपाट उघडून विचारलं.

"ते अर्धं राह्यलेलं," कौसाबाई म्हणाल्या.

"कोणतं अर्धं? मासेमारीचं? ते संपलं होतं ना."

"न्हाई संपलं."

मी मागे सरकवलेलं पुस्तक काढलं. दुमडलेलं पान तसंच दुमडलेलं होतं. प्रकरणाचा शेवटचा भाग पुन्हा वाचला, टोपलीवाल्या बायांचा. वाचून झालं. पुन्हा तोच प्रश्न, अगदी त्याच आवाजात. "पुढं काय झालं त्या बायांचं?"

उत्तर येत नसलं की शिक्षक वर्गाला विचारतात. मी तेच केलं. म्हणाले, "तुम्हीच सांगा."

कौसाबाईंनी बोटाला बांधलेली चिंधी नीट केली.

"कापूस येचायला गेल्या," त्या म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. वर्गात उत्तर सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने कुणाच्या तरी केसांतला कापूस सतरंजीवर पडला आणि घरंगळत माझ्यापर्यंत आला.

नर्मदाकाकूंनी पुस्तकाकडे बोट केलं. "लिव्हा ते, मॅडम. तिथंच खाली लिव्हा. छापणाऱ्याला म्हाईत नसंल."

माझ्या पर्समध्ये पेन होतं. मधुकरदादांच्या पुस्तकात, प्रकरणाच्या शेवटच्या ओळीखाली, मी ते वाक्य कौसाबाईंनी म्हटलं तसंच्या तसं लिहिलं. नर्मदाकाकूंना वाचता येत नाही, तरी त्यांनी पुस्तक हातात घेऊन शाई नीट बसली का ते बघितलं. मग मला परत देताना माझ्याकडे न बघता विचारलं, "कौसा, बारदान हाय का घरी?"

"उंदरानं खाल्लं."

"माझं देते. येत्या बाजारी तांबडं फुटायच्या आत मी जाऊन बसते जागा धरून. मला कोण उठवतं ते बघू. आन् जवळ्याचा वास घिऊन इथंच यायचं, या सतरंजीवर. दाराशी बसली तर मी बी दाराशी येऊन बसंल, सांगून ठेवते."

कौसाबाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "बघू," त्या म्हणाल्या. "आता वाचा मॅडम, ते प्रवाळाचं."

मी पान उलटलं आणि वाचायला लागले. पहिलं पान संपायच्या आत त्यांचा डोळा लागला. चिंधी बांधलेला हात मांडीवर उघडा पडला होता, मान नर्मदाकाकूंच्या खांद्यावर कलली होती, आणि नर्मदाकाकू खांदा न हलवता ताठ बसून ऐकत होत्या. मी आवाज थोडा खाली आणला आणि वाचत राहिले.